लुगडं गेलं, बकुळा राहिली

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीत बकुळाइतकी धावून जाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. कुठं काही घडतंय असं कानावर आलं की ही बया अनवाणी जिन्यात! नळावरचं भांडण असो, तळमजल्यावरचं बारसं असो, नाहीतर गिरणीच्या गेटावरची सभा असो, तिला काही म्हणजे काही चुकवायचं नसे. आपण नसताना काही घडलं, तर त्या दिवशी तिला अन्न गोड लागायचं नाही. मी शेवंती, तिच्या समोरच्या खोलीतली. आमच्याकडं मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, त्यामुळे दारं उघडी असली की तिची चूल माझ्या पुढ्यात आणि माझी तिच्या. मी सांगते ते ऐकीव नाही.

छप्पन्न साल होतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज कुठं सभा, कुठं मिरवणूक, आणि जानेवारीत तर गोळीबारच झाला. माणसं दारं लावून बसली, आणि बकुळा परळपर्यंत जाऊन बघून आली. परत आली तेव्हा तिची थोरली जाऊ कांता कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"गोळी लागली असती म्हंजे?"

"लागली असती तर कळलं तरी असतं, कशी लागती ती!"

आता हिला काय बोलायचं, सांगा.

त्या एका खोलीत दोघे भाऊ राहायचे, थोरला बाबुराव आणि धाकटा रामजी, दोघंही गिरणीत. कांता बाबुरावची, बकुळा रामजीची. शिवाय म्हातारी सासू आणि कांताची पोरं. कांता अगदी उलट स्वभावाची. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तिच्या जिवावर यायचं. "सभंला जाऊन काय बघायचं? म्होरच्याची डोस्कीच न्हवं?" म्हणायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची.

मग बातमी आली, की दसऱ्याला बाबासाहेब नागपूरला बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेणार आणि आपल्यालाही देणार. चाळ नुसती उसळली. पांढरे कपडे घालून जायचं असं ठरलं. बकुळाला तेव्हा दिवस गेलेले, पण अजून अवकाश होता. "पोटातलं पण घिऊन जाते, तेला पण मिळंल दीक्षा," असं तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं. रामजीनं गिरणीच्या दुकानातून पांढरं नऊवारी लुगडं आणून दिलं. ते तिनं मला दाखवलं, कांताला दाखवलं, खालच्या मजल्यावर जाऊन दाखवून आली. रात्री उशाशी घेऊन झोपायची.

गाडीला चार दिवस उरले होते आणि तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पोरगी झाली, चिमणीएवढी, वेळेच्या आधी. म्हातारीनं शेगडी पेटवली, बाज टाकली आणि बाळंतिणीला कोपऱ्यात निजवलं. नागपूर संपलं.

बकुळा एक अख्खा दिवस रडली. दुसऱ्या दिवशी डोळे पुसून उठून बसली आणि कांताला म्हणाली, "आक्का, तुमी जावा. माझं लुगडं न्या. घरातलं कुणीतरी जायाला पायजे." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मनापासून म्हणाली ती. पण कांतानं लुगडं उचलून बोचक्यात घातलं, तेव्हा बकुळाचा चेहरा पडला. शब्द तोंडातून गेला होता. आता परत कसा घेणार?

आम्ही नागपूरला जाऊन आलो. कांता आणि मी मांडीला मांडी लावून बसलो होतो. आणि काय सांगू, जी बाई चार माणसांत तोंड उघडत नव्हती, तिला परत आल्यावर वाचा फुटली! रात्रपाळीला गेलेले गेले आणि दुसऱ्या पाळीचे गडी जेवून बोळात वाकळा टाकू लागले, की कांता दारात यायची. कोणीतरी म्हणायचं, "वहिनी, होऊन जाऊ द्या." झालं सुरू!

"माणूस किती, तर नजर जाईल तितं पांढरंच पांढरं. आमी उनात बसलेलो. मग बाबा आले. पांढरं धोतर, पांढरा कोट, हातात काठी. म्हनाले, ज्यांला दीक्षा घ्यायची त्यांनी हात जोडून उभं ऱ्हावा. सगळी उठली. माझं पाय लटलट कापाय लागलं. तोंडानं म्हनत व्हते, आन डोळ्यातनं पानी." मग जरा थांबायची, आवाज खाली आणायची. "आन मग बाबांनी आमच्याकडं बघितलं. इचारा या शेवंतीला."

मला विचारलं की मी मान हलवायची. खरं सांगू का, मला तर वाटलेलं की माझ्याकडं बघितलं.

आत बकुळा पोरीला पाजत भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. रोज कांता तिथंपर्यंत आली, की आतून आवाज यायचा, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा. "यवढ्या लाखांत आक्काच दिसल्या!"

ती जळत होती. लपवायचीसुद्धा नाही. कांता भात वाढायला वाकली तरी हिच्या कपाळाला आठी. मी एकदा म्हटलं, "बकुळे, मी पण गेलेले की. माझ्यावर नाही तुझा राग?"

"तू तुझ्या लुगड्यात गेलीस," ती म्हणाली. "आक्का माझ्या लुगड्यात गेल्या. माझं लुगडं जाऊन आलं, आन मी हितंच ऱ्हायले शेगडीपाशी."

आणि त्या लुगड्याचं तर वेगळंच त्रांगडं झालं. कांतानं ते धुतलंच नाही. तसंच घडी घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं. दीक्षेच्या मातीचं लुगडं आहे, पाण्याला लावणार नाही म्हणाली. बकुळा उठून हिंडूफिरू लागल्यावर नळावरच एकदा दोघींची जुंपली.

"आक्का, माझं लुगडं द्या."

"तुझ्या तोंडानं दिलंस न्हवं?"

"नेसाया दिलं. ठिवाया न्हाई दिलं!"

"नेसून दीक्षा घेतली म्या त्यात. आता ते दुसऱ्याच्या अंगाला कसं लागंल?"

"दुसरी? म्या दुसरी?" बकुळानं भरलेली कळशी तिथंच आदळली आणि घरी निघून आली. दोन दिवस दोघींत बोलणं नव्हतं. म्हातारी मधल्यामध्ये निरोप पोचवायची. रामजी बिचारा दुसरं पांढरं लुगडं घेऊन आला. त्याच्याकडं बकुळानं ढुंकूनही पाहिलं नाही.

एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर समोर मिणमिणता दिवा. सगळी झोपलेली. बकुळा कांताची ट्रंक उघडून बसली होती. लुगड्याचा पदर तिनं तोंडाशी धरला होता, आणि माणूस फूल हुंगतं तशी हुंगत होती. मी हळूच म्हटलं, "अगं, काय करतेस?" ती दचकली नाही. म्हणाली, "धुरळ्याचा वास येतोय. तिथलाच असंल." मग पदर पुन्हा जसा होता तसा ठेवला, घडी मोडू दिली नाही, आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

तेव्हापासून तिची झोपच गेली. रस्त्यात कुठं ओरडा झाला, जिन्यात दोन माणसं जोरात बोलली, की ही उठून बोळात. "काय झालं? कुठं?" काही नसायचंच. कोणी दारू पिऊन आलेलं असायचं, नाहीतर पाळी सुटलेली असायची. मी म्हणायची, "झोप गं बाई, तुझ्यावाचून काही घडत नाही." ती म्हणायची, "घडतंय. माझ्यावाचूनच घडतंय सगळं." आणि गुडघ्यात मान घालून बसायची.

एकच आशा तिला धरून होती. डिसेंबरात मुंबईतसुद्धा दीक्षेचा मोठा कार्यक्रम होणार, बाबा स्वतः येणार, असं सगळीकडं बोलत होते. बकुळानं माझ्याकडून वचन घेतलं. "मी झोपलेली असले, आजारी असले, मेलेली असले तरी मला उठीव. ह्या खेपंला चुकायला नको." मग जरा वेळानं म्हणायची, "मुंबईत म्हंजे अगदी म्होरंच बसीन. आक्का नागपुरात लांब व्हत्या. मी जवळनं बघीन. मग बघू कोण काय सांगतंय बोळात."

डिसेंबर लागला, आणि सहा तारखेला बातमी आली की बाबा गेले, दिल्लीत.

गिरण्या बंद पडल्या. आमच्या चाळीत त्या दिवशी एक चूल पेटली नाही. बायका भिंतीवर डोकी आपटत होत्या, पुरुष बोळात बसून पोरांसारखे रडत होते. बकुळा रडली नाही. पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि ज्याला त्याला एकच सांगत होती, "डिसेंबरात येणार व्हते ते. मुंबईला येणार व्हते."

आणि आलेच. रात्री विमानानं आणणार, दादरला राजगृहात ठेवणार, असं कळलं, आणि पहाटेच्याही आधी सगळी चाळ निघायला लागली. पण बकुळाच्या पोरीला दोन दिवस ताप. नुसती कण्हत होती. त्या गर्दीत तान्हं पोर न्यायचं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. म्हातारी बघेल म्हणावं, तर म्हातारी काठी घेऊन दारात उभी. "माझा बाप गेला. मला कुणी आडवू नका." बाबुरावनं तिला दंडाला धरून जिना उतरवला. रामजी कधीच पुढं गेलेला.

बकुळानं पोरीकडं पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. एरवी एवढ्याशा गोष्टीला आकाशपाताळ एक करणारी बाई, आणि त्या पहाटे तोंडातून हूं नाही. मला तिच्याकडं बघवेना.

कांतानं ट्रंक उघडली. लुगडं काढलं आणि बकुळाच्या पुढ्यात धरलं.

"ऊठ. नेस."

"पोर?"

"पोर मी बघते."

"आन तुमी?"

"म्या घेतली दीक्षा. म्या बघितलंय. तू जा."

बकुळा उठेना, तेव्हा कांतानंच तिला दंडाला धरून उभी केली. स्वतः निऱ्या काढल्या, काष्टा घातला, नवरीला नेसवावं तसं नेसवलं. मी दारात उभी होते. लपवून काय करायचं, पदर खांद्यावर आला तेव्हा बकुळाच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. आता मी बघणार आणि आक्का नाही बघणार! असं ते होतं. मी ओळखलं. कांतानंही ओळखलं असणार, कारण तिनं मान फिरवली आणि पोरीला उचलून घेतलं.

त्या दिवशी मुंबईत किती माणूस होतं ते मला सांगता येत नाही. आम्ही रांगेत उभ्या राहिलो, रेटारेटीत दोनदा खाली पडलो, पण दर्शन झालं. मग अंत्ययात्रेबरोबर चालत राहिलो. परळच्या पोयबावडीच्या अलीकडं फुटपाथवर म्हातारी बसलेली दिसली, पदर तोंडात कोंबून. दिवस मावळताना दादरच्या चौपाटीवर पोचलो. तिथं सांगण्यात आलं, की ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी इथंच घ्यावी, बाबांच्या साक्षीनं. हजारो हात जोडले गेले. बकुळा माझ्या शेजारी उभी होती. तिला सगळे शब्द आधीच येत होते. भंतेजी म्हणायच्या आधी ही म्हणत होती. रोज रात्री कांताच्या तोंडून ऐकले होते ना!

आम्ही घरी आलो तेव्हा रात्र बरीच झाली होती. कांता दारातच बसलेली. दिवसभर कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाजून तिनं पोरीला शांत केलं होतं, तापही उतरला होता. पोरीला तिनं बकुळाच्या हातात दिलं.

"झालं दर्शन?"

"झालं."

"कसं व्हतं?"

"झोपल्यावानी."

कांता उठली. कोपऱ्यात जाऊन वाकळ डोक्यावरून ओढून घेतली. बकुळानं लुगडं सोडलं, मळलेलं, चुरगळलेलं. तशीच घडी घालून ते कांताच्या ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं. मी माझ्या खोलीत आडवी झाले. त्या रात्री कोणी दारं लावली नव्हती. मला वाटलं, आज तरी ही बाई झोपेल. जे चुकलं होतं ते मिळालं, वर जाऊबाईचं दर्शन चुकलं. अजून काय पाहिजे?

पण बऱ्याच वेळानं अंधारात तिचा आवाज आला.

"आक्का, झोपल्या?"

"न्हाई."

"नागपूरचं सांगा."

वाकळ हलली. "आता?"

"तुमी बाबांना बोलताना बघितलंत. काठी घिऊन उभं ऱ्हायलेलं बघितलंत. म्या काय बघितलं? म्या निजलेलं बघितलं. तुमचंच चांगलं झालं, आक्का. अजून पण तुमचंच. सांगा मला."

कांता उठून बसली. सांगायला लागली. माणूस किती, पांढरंच पांढरं, ऊन कसं होतं. बोळातली माणसं पडल्या जागी ऐकत होती, कोणी कूस बदलली नाही. पांढरं धोतर, पांढरा कोट, इथपर्यंत ती आली आणि तिला पुढं बोलवेना.

"हातात काठी," बकुळा म्हणाली.

"हातात काठी. म्हनाले, ज्यांला घ्यायची..."

"त्यांनी हात जोडून उभं ऱ्हावा."

"सगळी उठली. माझं पाय..." कांताला हुंदका आला. ती थांबली ती थांबलीच. खूप वेळ फक्त तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

मग बकुळाच म्हणाली, "आन मग बाबांनी तुमच्याकडं बघितलं, आक्का."