चौकटीवरचं तांबडं फडकं

माझा आवाज मुळातच दांडगा. साताऱ्याकडच्या मळ्यात वाढले. या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची सवय. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि लग्न होऊन आले ती मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या जुन्या गल्लीत. नवरा रेल्वेत, आम्ही दोघंच. वीस-पंचवीस घरं, इतकी खेटून की एकीच्या फोडणीनं दुसरीनं शिंकावं. समोर तंबोरे करणाऱ्या चाचांचं घर. छपरावर तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले.

चौथ्याच दिवशी चाचांच्या चौकटीला तांबडं फडकं लटकलेलं दिसलं. म्हटलं, वाळलंय, वाऱ्यानं उडून जाईल. चाची घरात नव्हत्या, म्हणून घडी घालून माझ्याच फडताळात जपून ठेवलं. लय गुणाची ना मी! घटकाभरात कोपऱ्यावरची पिठाची गिरणी धडधडायला लागली, बायकांनी धुणी आपटायला घेतली, आणि चाचा डोक्याला हात लावून बाहेर आले. ते फडकं म्हणजे गल्लीचा कायदा होता. तारांखालची पट्टी, तिला घोडी म्हणतात, ती कानशीनं घासत चाचा तंबोऱ्याचा झंकार जुळवायला बसले की ते लागायचं, आणि गिरणीसकट अख्खी गल्ली गप्प व्हायची. त्या दिवशी ऐन वेळी चाचा आवाजानं दचकले, कानस जास्त फिरली आणि घोडी वाया गेली.

चाचा परत आत जाऊन नवी घोडी घासायला बसले, तेच मला जास्त लागलं. गल्लीनं मात्र वर्षभर माझी फिरकी घेतली. फडकं लागलं की कुणीतरी येऊन सांगायचं, वहिनी, हे धुणं नव्हं बरं का. मी हसायचे आणि आत जाऊन रडायचे. मला इथं कुणी आपलं म्हणणार न्हाई, असं म्हणत रोज नवऱ्याच्या मागं लागले. शेवटी त्यानं रेल्वेच्या क्वार्टरसाठी अर्ज लिहून आणला. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात बाळंतपणाला माहेरी गेले, ती सव्वा महिन्याची लेक घेऊन परतले. आवाज माझ्यावरच गेलेला. आठ दिवस ना ती झोपली, ना मी. एका दुपारी दोघींचा डोळा लागला, तो थेट चार वाजता उघडला. बाहेर चिडीचूप. गिरणीसुद्धा बंद. चाचा कामाला बसले असणार. आता ही रडली तर माझी धडगत नाही म्हणून जीव मुठीत धरून दारात आले.

चाचांच्या चौकटीला काहीच नव्हतं. ते पायरीवर रिकाम्या हातांनी बसले होते. फडकं माझ्या चौकटीला होतं.

"पोरी," चाचा हळूच म्हणाले, "आता हे काढून घडी घालू नकोस. लेकीची झोप होऊ दे."

तो अर्ज मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला आणि त्यावर चहा ठेवला. पहिला कप चाचांना दिला.