शेजारणीची चूल

हट्टा गावात ती विजेच्या खांबावर चढली होती आणि मी खालून फोटो काढत होतो, महिला दिनाच्या पानासाठी. वायरमनचं काम करणारी बाई. चढण्याआधी ती कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघायची. वर टेस्टर दातात धरायची, खाली बघायचीच नाही. फोटो झकास आले. पाठवले, तर ऑफिसचा फोन आला, "स्वयंपाक करतानाचा एक पाठवा. चुलीपुढचा."

वीस वर्षं बातम्या देतोय. एकाही पुरुष वायरमनच्या स्वयंपाकघरात मला कुणी धाडलं नाही. चिडलो, आणि तरी तिला सांगितलंच.

तिच्या घरी गॅस होता. ती शेजारणीच्या चुलीपुढं जाऊन बसली आणि तव्यावरच्या भाकरीला हात लावला. "काढा लवकर, लाइनवर जायचं हाय."

छापला तेवढाच फोटो. मथळा, 'वायरमन असूनही अन्नपूर्णा'.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन गेलो. तिनं हात पुसून तो नीट पाहिला आणि घडी घालून मला परत दिला.

"चूल तिची, भाकर तिची," ती म्हणाली. "मग खाली नाव माझं काहून टाकलं?"