चि. आणि कै. शेजारी शेजारी

गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजातल्या मुद्रण शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. रविवार कारंजाजवळच्या ज्या छापखान्यात मी अकरा वर्षं फोटोटाइपसेटिंगचं मशीन चालवलं, तो बंद पडून बराच काळ लोटला होता. मालकांच्या सुनेने ते मशीन आता कॉलेजला देऊन टाकलं होतं.

"काकू, घोटाळा झालाय," बाई म्हणाल्या. "कीबोर्ड साबणाच्या पाण्याने पुसला गेला. बटणांवरची मराठी अक्षरं निघाली."

निघणारच. मशीन परदेशी, फक्त मजकूर जुळवण्यासाठी बनवलेला कॉम्प्युटर. मराठी अक्षरांच्या पट्ट्या वरून चिकटवलेल्या होत्या. मांडणी टाइपरायटरसारखी नव्हती. अर्ध्या अक्षरांना वेगळी बटणं, 'श्री'ला अख्खं एक बटण, उजव्या हाताला जोडाक्षरांची रांग. पडद्यावर मराठी दिसतच नसे, इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी दिसे. आपण काय टाइप केलं ते ब्रोमाइडचा, म्हणजे फोटोचा, कागद धुऊन बाहेर आला की कळायचं.

कॉलेजात गेले. मशीन सुरू होत नव्हतं. कोऱ्या बटणांकडे बघून मला काहीच आठवेना. 'ज्ञ' कुठे म्हटलं की डोकं रिकामं. मग डोळे मिटले आणि लग्नपत्रिकाच टाइप करायला घेतली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' म्हणताच बोटं आपोआप चालू लागली. मी अक्षर मोठ्याने म्हणायचे, बाई त्या बटणावर चिठ्ठी लावायच्या. दोन तासांत बहुतेक कीबोर्ड भरला.

अडलं ते चि. आणि कै. यांच्यापाशी. पत्रिकांची कामं फार, म्हणून दोन्हींना एकेक बटण दिलेलं होतं, शेजारी शेजारी. त्यातलं डावं कोणतं, हे काही सांगता येईना. तिथे आलं की बोट थांबायचं. का थांबतं, ते मला ठाऊक होतं.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी एका नवरदेवाच्या नावाआधी चि.ऐवजी कै. दाबलं होतं. प्रूफ तपासतानाही ते सुटलं. पत्रिका छापल्या, थोड्या वाटल्याही गेल्या. मुलाचे वडील छापखान्यात आले. ते ओरडले नाहीत. पत्रिका टेबलावर उघडी ठेवली आणि खुर्चीत बसून रडले.

"हे कोणी केलं?" मालकांनी विचारलं.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मशीनवरची माझी जोडीदारीण म्हणाली, "मी."

ती जुनी होती, मी कच्ची. मला काढूनच टाकलं असतं. तिला मशीनवरून उठवून कागद कापून चिकटवायच्या टेबलावर बसवलं. ती पुन्हा मशीनवर आली नाही, आणि मी खरं कधी सांगितलं नाही.

आता ती नामपूरला मुलाकडे असते. कॉलेजातूनच तिला फोन लावला.

"कै. कुठे होतं गं? डावीकडे का उजवीकडे?"

"डावीकडे. चि. उजवीकडे शे," ती लगेच गावाकडच्या बोलीत म्हणाली.

"इतकं लक्षात आहे तुझ्या?"

"मना ध्यानमा नही राहणार, तर कोणाच्या?"

मी म्हटलं, "मालकांना मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "मी वाट बघितली तुझी. सहा महिने तरी. मग सोडून दिलं."

बाई हातात चिठ्ठ्या घेऊन उभ्या होत्या. मग फोनवर तीच म्हणाली, "फोटो पाठव. काय काय लावलंय ते बघू दे."

फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत तिचा फोन. "अर्धा त आणि अर्धा न उलटे लावलेस तू."

बाई तोवर कुलूप लावून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन त्या दोन चिठ्ठ्या बदलल्या. मशीनशेजारी फलक लावायचा होता. मांडणी सांगणाऱ्या आम्हा दोघींची नावं बाई त्यावर लिहिणार होत्या. मी म्हटलं, तिचं आधी लिहा.