लोटन मिस्तरीला दिसेल अशी तार

ब्रेकआबांनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही आणि ते ही गोष्ट पदकासारखी मिरवत. "माफ करनारा मानूस विसरभोळा ऱ्हास," ते म्हणत, "मना बठ्ठं ध्यानमा शे." माझ्या सगळं लक्षात आहे, असं. धुळ्याला साक्री रोडवर त्यांची पत्र्याची शेड होती. तिला पाटी नव्हती. पाटीच्या जागी एक लांब तार ताणलेली होती आणि तिच्यावर मोटारींच्या ब्रेकचे चिरलेले, फुगलेले रबरी होज पाइप लोखंडी आकड्यांना टांगलेले असत. प्रत्येकाला पत्र्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर गाडीमालकाचं नाव. रस्त्यापलीकडे लोटन मिस्तरीचं गॅरेज होतं. तार त्याला गादीवर बसल्या बसल्या दिसावी अशा बेतानंच बांधलेली होती. तिचा पहिला आकडा मात्र कायम रिकामा असे.

मला क्षमाशील माणसांचा आधीपासूनच कंटाळा आहे. त्यामुळे आमचं लगेच जमलं.

आमची जुनी फियाट ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. नवरा दौऱ्यावर होता, म्हणून मीच ती आबांकडे नेली. मी गाडी नुकतीच शिकले होते आणि बाहेर उभी राहून काम संपायची वाट बघणार होते. आबांनी मला परत गाडीत बसवलं. "ज्याची गाडी त्याचा पाय," हा त्यांचा नियम होता. नळ्या तपासताना ब्रेक दाबायला ते नोकर ठेवत नसत. डॉक्टर असो की वकील, मालकानंच आत बसून पाय द्यायचा. "नोकराचं ध्यान इकडेतिकडे जातं. तुम्हाले मात्र याच गाडीत पोरं बसवायची आहेत, ताई."

त्यांनी चाकं काढली, नळ्या बोटांनी वाकवून पाहिल्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून त्या कुठे घासतात ते बघितलं. मग मला ब्रेक जोरात दाबायला सांगितलं आणि खालून ओरडले, "दाबूनच ठेवा, उतरू नका!" उजव्या चाकाची नळी फुग्यासारखी फुगली होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि वरून केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीची, दोरी करकचून बांधलेली. केळीच्या मुलखात लोक छपरापासून शिंकाळ्यापर्यंत सगळं सोपटानं बांधतात. पण ब्रेकची नळी बांधणारा माणूस एकच होता. गेल्याच महिन्यात माझ्या नवऱ्यानं गाडी लोटन मिस्तरीकडे दाखवली होती.

आबांनी नळी बदलली. जुनी नळी माझ्यासमोर उभी चिरली, आतलं कुजलेलं रबर दाखवलं आणि नवऱ्याचं नाव घालून तारेवर चढवली. दौऱ्यावरून आल्यावर नवरा तणतणत तिथे गेला. "माझं नाव रस्त्यावर कशाला?" आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, पेपरात येण्यापेक्षा तारेवर आलेलं बरं." नवरा घरी येऊन दोन दिवस माझ्याशीच बोलला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी सुपडू होता, आबांचा धाकटा भाऊ. तो पिंपळनेरच्या एका व्यापाऱ्याची गाडी चालवायचा. चरणमाळच्या घाटात ब्रेक गेला आणि सुपडू गाडीसकट खाली गेला. आदल्या आठवड्यात त्यानंच आबांना सांगितलं होतं की नळी चिरलीय आणि लोटन मिस्तरीनं ती गुंडाळून दिलीय. पण पंचनाम्यात ती नळीच सापडली नाही. गाडी वर ओढायला गेलेल्या माणसांत लोटन होता. आबा पोलिसांकडे गेले, पंचांकडे गेले, लोटनच्या दारात उभे राहिले. लोटन म्हणाला, "मी त्या गाडीले कधी हात लावला नाही." लोक म्हणाले, भावाच्या दुःखानं याचं डोकं फिरलंय.

आबांनी गिरणीतली नोकरी सोडली, चाळिशीत हातात पाना धरला आणि लोटनच्या बरोबर समोर शेड घातली. लोटननं गुंडाळलेली प्रत्येक नळी हुडकायची, काढायची, टांगायची. लोटननं गॅरेजला पडदा लावला तर आबांनी तार हातभर वर चढवली. लोटनच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती त्यांनी न उघडता परत पाठवली. मी एकदा म्हटलं, "आबा, आता तो म्हातारा झाला." ते म्हणाले, "म्हातारा झाला ना? मना सुपडू कुठे झाला?" त्यांना कोर्टाचा निकाल नको होता, पैसेही नको होते. "एक दिन त्याच्या तोंडानं म्हनू दे, मीच गुंडाळली होती. तोवर ही तार उतरनार नाही."

लोटन म्हणाला नाही. एका उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. समोरचं शटर बंद झालं. आबांनी त्या दिवशीही तीन गाड्या केल्या आणि प्रेताला खांदा देणाऱ्यांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं मी गाडी घेऊन गेले होते. मागची नळी बदलून झाली होती आणि आम्ही ब्रेकमधली हवा काढत होतो. मी ब्रेक दाबून धरायचा, आबा खाली चाकाजवळचा नट ढिला करणार, बुडबुडे निघून गेले की नट आवळून म्हणणार, "सोडा." तोवर पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत शिरते. मी पाय दाबला, ब्रेक पार तळाला गेला, आणि तेवढ्यात लोटनचा मोठा मुलगा शेडमध्ये आला. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"आबा, गॅरेज आवरताना आमच्या नानांच्या गल्ल्यामागे हे सापडलं."

आबा नट तसाच ढिला सोडून गाडीखालून बाहेर आले. डब्यात एक नळी होती, टोकाशी फाटलेली. तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. वरचं सोपट वाळून पिवळं पडलं होतं, पण गाठ शाबूत होती.

"नाना काही बोलले नाहीत कधी," मुलगा म्हणाला. "पण कोनाची ते मला कळलं."

"इतकी वरीस," आबा म्हणाले. "फेकवली नाही त्याच्यानं."

मुलगा पाया पडायला वाकला तर आबा दोन पावलं मागे सरले. त्यांनी एक पत्रा घेतला, ब्रशनं त्यावर 'सुपडू' लिहिलं आणि ती नळी पहिल्या आकड्याला अडकवली. दोन्ही बाजूंनी सरळ केली, लोटनच्या गॅरेजकडे तोंड करून. मग वळून त्यांनी समोर पाहिलं. समोर बंद शटर होतं.

"आते कोनले दखाडू?" आबा म्हणाले. आता मी हे कुणाला दाखवू?

मुलगा मान खाली घालून निघून गेला. आबा तारेखालीच उभे राहिले, पाठ माझ्याकडे. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी अजून 'सोडा' म्हटलं नव्हतं, म्हणून मी पाय उचलला नाही.