सारवलेलं सिमेंट

दुर्गजवळ पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांत मी खुर्सीपारच्या अलीकडे ठेकेदाराच्या एका शेडमध्ये पाळणाघर सांभाळत होते. वडील दुर्ग लाईनवर रेल्वेत, घर पावर हाउस वस्तीत, आणि मी मॅट्रिक होऊन घरात रिकामी बसलेली, म्हणून हे काम धरलेलं. माझ्या ताब्यात रेजांची मुलं असायची. रेजा म्हणजे डोक्यावरून माती नि गिट्टी वाहणाऱ्या मजूर बायका. सकाळी त्या पोरं माझ्याकडे सोपवायच्या, दुपारच्या भोंग्याला पाजायला यायच्या आणि संध्याकाळी घेऊन जायच्या.

आपल्याला सगळी मुलं सारखी, असं म्हणायची रीत आहे. मला सारखी नव्हती. एक पोरगी माझी खास लाडकी होती. तिची आई तिला नोनी म्हणायची. छत्तीसगढीत कुठल्याही लहान मुलीला नोनीच म्हणतात, पण मी 'नोनी' अशी हाक मारली की माझ्या डोळ्यांसमोर तीच असायची. गोल पोट, कमरेला काळा दोरा, आणि माझ्या पदराचं टोक सतत तोंडात.

सरकारी तपासणीवाल्या मॅडम पहिल्यांदा येऊन गेल्या तेव्हा त्यांना पाणी पसंत पडलं, खिडक्याही पसंत पडल्या, फक्त जमीन पसंत पडली नाही. मातीची चालणार नाही, पक्की करा, नाहीतर पाळणाघर बंद, असं त्यांनी बजावलं. आता गंमत बघा. समोर सिमेंटच्या गोण्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि पोरांच्या जमिनीपुरत्या गोण्या काही निघेनात. मी रोज ठेकेदाराच्या मुंशीचं डोकं खायचे. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यानं गवंडी पाठवला. त्या नव्या, गुळगुळीत सिमेंटवर नोनीनं पहिली पावलं टाकली आणि धपकन बसली. मला इतका आनंद झाला की मी मुंशीलासुद्धा मनातल्या मनात माफ केलं.

मॅडम परत यायच्या होत्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी बायकांना सांगितलं, उद्या साहेबिन बघायला येणार आहे, पोरांना आंघोळ घालून आणा. बाकी सगळं तयार होतं.

सकाळी पोचले तर दारातच ओल्या शेणाचा वास आला. आत पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं सिमेंट शेणानं सारवलेलं, कडेनं पांढऱ्या मातीची सुरेख रेघ. बायका उजाडायच्या आत येऊन हे करून बसल्या होत्या. नोनीची आई सगळ्यांच्या पुढे, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि तोंडभर हसत होती.

"साहेबिन आवत हे, बाई," ती म्हणाली. "बिन लीपे भुइयां म कइसे बइठारबो?"

पाहुणी येणार, तिला न सारवलेल्या जमिनीवर बसवायचं कसं? बरोबरच होतं तिचं. माझ्या आजोळीही कोणी मोठं माणूस यायचं असलं की आधी सारवण व्हायचं.

माझ्या हाताखालची मावशी वर्धेकडची. ती बादली घेऊन धावली, पण दारातच थांबली.

"आता पानी टाकून काई होत नाही, बाई. जीप आली. कावून सांगितलं नसंल यायनं आपल्याले?"

मॅडम आत आल्या आणि वास येताच त्यांचा चेहरा उतरला. मी टाचेनं शेण खरवडून खालचं सिमेंट दाखवलं. त्या वाकल्या, त्यांनी पाहिलं.

"सिमेंट है, दिख रहा है," त्या म्हणाल्या. "पर बच्चे तो ऊपर रेंगेंगे न?"

त्या वाईट नव्हत्या. शेणातून धनुर्वात होतो, तशी मेलेली बाळं आपण पाहिलीत, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि ते खरंच होतं. नियम लेकरांच्या भल्यासाठीच होता. मी विनवलं, आज धुऊन काढते. त्या म्हणाल्या, धुवा, पण मी पुन्हा येऊन बघेपर्यंत इथे एकही मूल ठेवायचं नाही. आणि त्यांच्याकडे तर अख्खा जिल्हा होता.

शेण आम्हाला धुवावंसुद्धा लागलं नाही. सिमेंटवर ते धरतच नाही. उन्हानं शेड तापली तसे त्याचे पोपडे सुटले आणि मावशीनं झाडूनं गोळा केले. दोन दिवस उशिरा आल्या असत्या तर मॅडमना स्वच्छ जमीन दिसली असती. या एका गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

ठेकेदाराला तर तेच हवं होतं. पाळणाघर बंद, खर्चही बंद. मॅडमना पुन्हा बोलवा म्हणून मी मुंशीकडे खेटे घातले. तो नुसता 'हो हो' म्हणायचा. बायका पोरांना कामावर न्यायला लागल्या. नोनीची आई लोखंडी पाइपांच्या थप्पीशेजारी जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. जेठाचे दिवस, भाजून काढणारी गरम वाऱ्याची लू सुटलेली. एका दुपारी भोंगा झाला, ती पाजायला गेली, तर नोनीनं तोंडच उघडलं नाही. अंग भाजत होतं. संध्याकाळपर्यंतही ती राहिली नाही.

मावशीनं सांगितल्यावर मी त्यांच्या झोपडीवर गेले. तोवर तिला पुरून आले होते. तिची आई जमीन लिपत होती. घरातलं माणूस गेलं की लिपावंच लागतं. तिनं मान वर केली नाही. मी दारात उभी राहून रडले आणि परत आले.

पावसाळा सुरू झाल्यावर मॅडम आल्या. जमीन पाहिली, पसंत केली, पोरांना गोळ्या वाटल्या. कोणतं मूल नाही, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

पाळणाघर उघडलं त्या दुपारी भोंगा झाला आणि बायका पाजायला आल्या. त्यांच्यामागून नोनीची आईही आली. ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली. मग हात लांब करून तिनं सिमेंटवर तळवा फिरवला, सारवण वाळलं का बघतात तसा.

"अब नइ लीपंव, बाई," ती म्हणाली.

आता नाही लिपणार. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि माझ्या मोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा सांगितलं की यात तुझी काही चूक नव्हती. तिनं होकाराची मान हलवली, पटो न पटो मुंशीपुढे हलवायची तशी, आणि घमेलं उचलून कामावर गेली.