स्वभाव : राखणीला उत्तम

सिस्टरच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अकरा कुत्री, तीन मांजरं आणि एक घुबड आहे. गोंदवून घेतलेली नव्हेत, चावलेली. कुणी विचारलं तर ती बाही वर करते आणि नातवंडांचे फोटो दाखवावेत तशी एकेक खूण दाखवते.

"ही मंडईमागची काळी. पिल्लं गटारात पडली होती, मी काढायला उतरले, तिला वाटलं मी चोरतेय. आई होती हो, तिचं काय चुकलं? हा बोका. ह्याला गोळी द्यायची होती, मत विचारायचं राहून गेलं."

"आणि ही भाजल्याची?"

"ती इस्त्री. आमच्या मिस्टरांनी मला मदत करायचं ठरवलं होतं, त्या दिवशीची."

बत्तीस वर्षं तिने सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात काढली. सुरे खुपसलेले, यंत्रात सापडलेले, भावाने भावाच्या डोक्यात पाटा घातलेला, असे सगळे तिच्या हाताखालून गेले. निवृत्तीनंतर तिने महिनाभर घरी बसून बघितलं. दुसऱ्या महिन्यात मिस्टरच आमच्या मंडळात आले आणि हात जोडून म्हणाले, "हिला घ्या. घरात जखमी होण्यासारखा मी एकटाच आहे."

आमचं मंडळ म्हणजे बंद पडलेल्या लाँड्रीमागची एक शेड, चौदा पिंजरे, आठवड्यातून दोनदा येणारे जनावरांचे डॉक्टर आणि आम्ही नऊ माणसं. जखमी जनावर उचलायचं, टाके घालायचे, बरं करायचं आणि चांगलं घर बघून द्यायचं. मी कुत्र्यांना घाबरतो. प्राणी वाचवणाऱ्या मंडळात कुत्र्यांना घाबरणारा माणूस काय करतो? फॉर्म भरतो. म्हणून सिस्टर मला 'कारकून' म्हणते.

तिचं पहिलं काम मी लांबून, म्हणजे रिक्षात बसून बघितलं. मटणाच्या दुकानामागे दोन कुत्री जुंपली होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा कान होता, आणि तो कान आता कुणाचा म्हणायचा असा प्रश्न पडावा इतका तो सुटत आला होता. रक्ताचे थेंब भिंतीवर छातीइतक्या उंचीवर उडाले होते. खाटीक बादलीने पाणी मारत होता, बघे दगड मारत होते. सिस्टरने दवाखान्यातलं जुनं करडं कांबळं उलगडलं, चालत गेली आणि वरच्याच्या डोक्यावर टाकून त्याच्यावर गुडघा रोवून बसली. तो थरथरला, मग गप्प झाला. खालच्याने मात्र सुटल्या सुटल्या तिचा अंगठा धरला. तिने हात ओढला नाही, उलट आणखी आत ढकलला. कुत्र्याला ओकारी आल्यासारखं झालं आणि त्याने तोंड उघडलं.

"दोनच गोष्टी लक्षात ठेव, कारकुना," परतताना ती म्हणाली. अंगठ्यातून रक्त माझ्या पँटवर गळत होतं. "चावणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधार पाडायचा. आणि हात तोंडात गेला तर ओढायचा नाही. दाताने भोक पडतं, ओढल्याने फाटतं."

मी मान डोलावली आणि भोवळ येऊन रिक्षावाल्याच्या खांद्यावर पडलो.

तर अशा या बाईने आयुष्यात एकदा खोटं लिहिलं, ते हवालदारासाठी.

हवालदार म्हणजे पिंजरा नंबर नऊ. तपकिरी अंग, पोटाभोवती कमरपट्ट्यासारखा काळा पट्टा आणि चेहऱ्यावर कायमचा चौकशीचा भाव. नावाला शोभेल अशी एकच गोष्ट त्याला जमत नव्हती, ती म्हणजे आवाज. तो कधीच भुंकत नसे. डॉक्टरांनी घसा तपासला, ठीक होता. पिल्लू असताना कुणीतरी त्याचं तोंड तारेने बांधून ठेवलं होतं, नाकावर तारेचा वळ अजून दिसत होता. तीनदा त्याला घर मिळालं आणि तीनदा तो परत आला. पहिल्यांनी लिहिलं, 'मुलं कंटाळली.' दुसऱ्यांनी, 'बदली झाली.' तिसऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'जेवताना बघत बसतो, आम्हाला अपराधी वाटतं.'

चौथ्यांदा लाकडाच्या वखारीचा मालक आला. उंच, इस्त्रीचा सदरा, बोलायला गोड. त्याला राखणीला कुत्रा हवा होता. सिस्टर नियमाप्रमाणे आधी वखार बघून आली. सावली होती, पाणी होतं, जागा होती. मी फॉर्म भरायला घेतला. 'स्वभाव' या रकान्यापाशी थांबलो.

"काय लिहू? भुंकत नाही म्हणून?"

"दे इकडे." तिने पेन हिसकावलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'राखणीला उत्तम.'

"सिस्टर!"

"रात्रभर जागा असतो ना? मग राखण म्हणजे आणखी काय असतं? चौथ्यांदा माणूस आलाय रे त्याच्यासाठी. ह्याच्यानंतर पाचवा यायचा नाही."

केसपेपरवर कधी ताप अर्ध्या अंशाने कमीजास्त न लिहिलेली बाई ही. सही करून तिने पेनला टोपण लावलं.

जनावर दिल्यावर महिन्याने जाऊन बघायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी दुपारी तिच्याबरोबर जायला कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो. वखारीत करवत चालू होती, त्यामुळे आधी काही ऐकू आलं नाही. फळ्यांच्या थप्पीला वळसा घातला आणि आम्हाला मालक दिसला. त्याच्या हातात सागाची रीप होती, दोन बोटं रुंद आणि कमरेइतकी लांब. खांबाला आखूड साखळीने हवालदार बांधलेला होता.

"भुंक!" फटका. "भुंक म्हणतो ना!" फटका.

एक डोळा सुजून मिटला होता. पाठीवरची कातडी दोन ठिकाणी उकलली होती आणि उकललेल्या मांसाला भुसा चिकटला होता. पुढचा एक पाय तो टेकवतच नव्हता. प्रत्येक फटक्याला त्याचं तोंड उघडायचं आणि त्यातून नुसती हवा यायची. चार कामगार खाली बघत उभे होते. करवतीवरचा माणूस, ज्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, तो कापत होता, पण त्याचं लक्ष लाकडाकडे नव्हतं.

"थांबवा!" सिस्टर ओरडली.

मालक वळला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. आम्हाला बघून तो शरमला नाही, उलट आधीच खिशात ठेवलेला असावा तसा त्याने फॉर्म काढला.

"बरं झालं आलात. तीन वेळा चोरी झाली माझ्याकडे. चोर याच्या अंगावरून गेले, ह्याने तोंड उघडलं नाही. हे वाचा. 'राखणीला उत्तम.' सही कुणाची?"

मी सिस्टरकडे बघितलं. इतके चावे खाताना न हललेला तो चेहरा एका कागदाने पांढरा पडला.

"माझी," ती म्हणाली.

"खोटं आहे की नाही?"

"खोटं आहे. मी लिहिलं, तुम्ही फसलात. मग त्याचा मार मला द्यायचा, त्याला कशाला?"

"असं? मग घ्या!"

त्याने खरंच रीप उगारली. तिने हात आडवा धरला. वाळलेली फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज आला. रीप मोडली असं मला वाटलं, पण ती शाबूत होती.

पुढचं फार भराभर झालं. सिस्टरने डाव्या हाताने खांद्यावरचं कांबळं ओढलं, मालकाच्या डोक्यावरून टाकलं, पायात पाय घातला आणि त्याला भुशात आडवा पाडून त्याच्या छातीवर बसली. सत्तर किलोंची बाई आहे ती. तो आतून शिव्या देत, लाथा झाडत होता. एक लाथ तिच्या बरगडीत बसली, तिने गुडघा त्याच्या गळ्यापाशी सरकवला.

"श्श... श्श... झालं, झालं," ती सवयीने म्हणाली. "अंधार झाला ना? आता शांत व्हायचं."

आणि खरंच, तो शांत झाला. माणूस आणि कुत्रं यांत फार फरक नाही असं ती म्हणते, तेव्हा ती भूतदयेपोटी म्हणते असा माझा समज होता.

"कारकुना, साखळी सोड!"

मी हललो नाही. तेव्हा ती उठली आणि मोडका हात पोटाशी धरून खांबाकडे गेली. हवालदाराला तिची ओळख राहिली नव्हती. त्याच्याकडे येणारा प्रत्येक हात आता रीपच होता. तिने कडी काढायला डावा हात घातला आणि त्याने तो कचकन धरला. हाडावर दात घासल्याचा आवाज मला ऐकू आला, कारण त्याच क्षणी करवत बंद झाली होती.

तिने हात ओढला नाही. गुडघ्यावर बसून हात त्याच्या तोंडात तसाच राहू दिला. रक्त त्याच्या हनुवटीवरून गळ्यातल्या पट्ट्यावर टपकत होतं.

"चाव," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालंय, चाव."

मागे कांबळं हललं. मालक उठला होता. ह्या खेपेला त्याच्या हातातल्या लाकडाला खिळा होता आणि त्याची नजर तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर होती. सिनेमा असता तर हवालदार इथे आयुष्यात पहिल्यांदा भुंकला असता. तो भुंकला नाही. ओरडलो तो मी. घशातून असा काही आवाज निघाला की रस्त्यावरची खरीखुरी कुत्री भुंकायला लागली.

लाकूड खाली आलं नाही. ते मध्येच तीन बोटांनी पकडलं होतं.

"मालक," करवतवाला म्हणाला, "आता पुरे."

"हात सोड! उद्यापासून येऊ नकोस!"

"येत नाही. पण आधी हे खाली ठेवा."

मालक धडपडला, झटापट झाली, खिळ्याने करवतवाल्याचा हात दंडापासून मनगटापर्यंत ओरबाडला. त्याने पकड सोडली नाही. मग बाकीचे चौघेही, जणू कुणीतरी कळ दाबली, पुढे आले. तेवढ्यात हवालदाराने हळूच तोंड उघडलं.

अपघात विभागात सिस्टरला खाटेवर झोपवलं तेव्हा तिने आधी सुई धरण्याच्या पद्धतीवरून तिथल्या नव्या नर्सला झापलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याला चौदा टाके, दोन बरगड्यांना तडा. मिस्टर धापा टाकत आले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कारकून, तुम्हाला काय लागलं?"

"घसा बसलाय."

"अहो, चिडू नका," सिस्टर म्हणाली.

"चिडत नाही. इस्त्री आता रोज मीच करणार, एवढंच सांगायला आलो." आणि तो सरळ मनाचा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला.

मालकाने चौकीत तक्रार दिली. 'महिलेने कांबळे टाकून छातीवर बसून मारले' हे वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं, आमच्या हवालदाराच्या पाठीचे फोटो बघितले आणि मालकालाच बसवून ठेवलं.

पण खरी अडचण शेडमध्ये होती. चावलेलं कुत्रं कुणाला द्यायचं नाही, असं मंडळात ठरलेलं. चावा फॉर्ममध्ये लिहिला की हवालदाराचा पिंजरा नंबर नऊ कायमचा.

"नको लिहू या," मी म्हणालो. "तुम्हाला तर चावलाय, तुमचे काय, पंधरा..."

"पेन दे."

टाके घातलेल्या डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, तिने लिहिलं. 'भुंकत नाही. घाबरला तर चावतो, मला चावला. राखणीला निरुपयोगी.' प्रत्येक शब्दाला ओठ चावत होती. मग मंडळाच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "नियम बदलू नका. फक्त ह्याच्यापुरती सूट द्या, आणि हे जसंच्या तसं बाहेर लावा. वाचून कुणी आलंच, तर मला बोलवा."

मंडळाने मानलं, फॉर्म दारावर लागला, पण दोन महिने कुणी आलं नाही.

मग एका सकाळी करवतवाला आला. दंडावरची खूण पांढरी पडली होती. आता तो एका खुर्च्यांच्या कारखान्यात होता. त्याने फॉर्म वाचला, बोट ठेवून परत वाचला.

"हा द्या."

सिस्टर त्याच्या घरी गेली. दोन खोल्या, आणि बायको दारातच उभी.

"चावतो म्हणे?"

"चावतो," सिस्टरने बाही वर केली. "हा बघा."

"आणि भुंकत नाही?"

"अजिबात नाही."

"एवढं सरळ सांगणारं कुणी पहिल्यांदाच बघतेय," बायको म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

सिस्टरने पाण्याची जागा बघितली, अंथरूण बघितलं, कोपऱ्यातल्या काठीबद्दल दहा मिनिटं उलटतपासणी घेतली, ती जाळी झाडायची निघाली. मग फॉर्म पुढे केला. 'कुत्रा कशासाठी हवा?' या रकान्यावर करवतवाल्याने पेन टेकवलं.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानात करवत असते," तो म्हणाला. "घरी आलं की आवाज नको वाटतो." आणि लिहिलं, 'शेजारी बसायला.'

सिस्टरने ते वाचलं. खाली उजव्या हाताने सही केली. प्लास्टर निघून आठवडा झाला होता, अक्षर तिचंच होतं.

रिक्षातून उतरवलेला हवालदार उंबऱ्यापाशी थांबला. आत कोणी हाक मारली नाही, कुणी हात पुढे केला नाही. करवतवाला नुसता जमिनीवर बसला, भिंतीला पाठ टेकून. थोड्या वेळाने हवालदार लंगडत आत गेला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला.

"महिन्याने येईन बघायला," सिस्टर म्हणाली, आणि कांबळं खांद्यावर टाकून निघाली.