मिस्त्रींना गांधीलमाशी चावली तेव्हा

फर्निचरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंचा कोणावरच विश्वास नव्हता. मूठभर खिळे मागितले तरी आधी "कशाला हवेत?" कामगार पाठीमागे त्यांना 'उलटतपासणी' म्हणत. प्रथमोपचाराची पेटीही त्यांच्याच ताब्यात. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याकडे त्या अशा रोखून बघत, की निम्म्यांचं तिथल्या तिथे थांबायचं.

एके दुपारी सुतारकामाचे मिस्त्री मनगट धरून आले. फळ्यांच्या शेडमध्ये गांधीलमाशी चावली होती.

"मधमाशी नव्हती कशावरून?"

"बाई, ओळख करून घ्यायला ती थांबली नाही."

बाईंनी चष्मा चढवून पाहिलं. नांगी रुतलेली नव्हती. मधमाशी असती तर नांगी रुतून राहिली असती, आणि लगेच काढावी लागली असती. त्यांनी साबणाने जागा धुतली, सूज चढायच्या आत अंगठी काढायला लावली, वर गार ओला कपडा ठेवला. पॉलिशवाला चुना घेऊन धावत आला. "तो भिंतीला लाव," बाई म्हणाल्या.

"जाऊ मी? ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाले.

आजारी नसताना आजारी म्हणणारे बाईंनी ढिगाने पाहिले होते. न विचारताच ठणठणीत म्हणणारा त्यांना जास्त संशयास्पद वाटला.

"अर्धा तास बसा इथेच."

थोड्याच वेळात मिस्त्री मान खाजवू लागले. आवाज घोगरा झाला.

"घसा बसलाय जरा."

"मघाशी तर खणखणीत होता." बाईंनी त्यांची कॉलर बाजूला केली. गळाभर गांधी उठल्या होत्या. ओठही सुजले होते.

पॉलिशवाल्याला त्यांनी अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं. मिस्त्रींना धाप लागली होती, म्हणून भिंतीला टेकवून, पाय लांब करून बसवलं. ते फाटकापर्यंत चालत जातो म्हणाले, पण बाईंनी उठू दिलं नाही. अँब्युलन्सवाल्यांनी येताच मांडीत इंजेक्शन दिलं आणि नेलं.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या. मिस्त्री उशीला टेकून चहा पीत होते.

"पहिल्यांदाच असं झालं?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "गेल्या वर्षीही चावली होती. तेव्हाही अंगभर गांधी उठल्या होत्या."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाला? तुम्ही म्हणाला असता, नाटक करतोय."